मॅडिसनची पैज

२२ नोव्हेंबर १७८७ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात ‘पब्लियस’ या टोपणनावाने एक लेख छापून आला. लिहिणारा होता व्हर्जिनियाचा छत्तीस वर्षांचा जेम्स मॅडिसन. फिलाडेल्फियात नुकत्याच तयार झालेल्या संविधानाला राज्यांनी मान्यता द्यावी म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन जे आणि तो अशा तिघांनी चालवलेल्या लेखमालेतला हा दहावा लेख. प्रजासत्ताक लहानच असावे, देश पसरला की तिथे एक तर हुकूमशहा येतो नाहीतर फाटाफूट होते, हे त्या काळी जाणत्या लोकांना मान्य होते. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचा आधार दिला की वाद संपे. मॅडिसनने नेमके उलटे मांडले. लहान देशात एखादा गट सहज बहुमतात येतो आणि उरलेल्यांना दडपतो. देश मोठा असेल तर सावकार आणि ऋणको, जमीनदार आणि व्यापारी, नाना पंथांचे लोक असे इतके गट होतात की कोणालाही कायमचे बहुमत मिळत नाही. आज एका प्रश्नावर एकत्र आलेले उद्या दुसऱ्या प्रश्नावर एकमेकांसमोर उभे राहतात. भांडणे बंद पाडायची गरज नाही. ती इतक्या बाजूंनी होऊ द्यायची की कोणतेच भांडण देश चिरून जाणार नाही.

ही एक पैज होती, आणि ती लगेच पणाला लागली. १७९०च्या पहिल्या जनगणनेत ३९ लाख माणसे भरली. त्यांतली सुमारे ७ लाख गुलाम होती. १८५० साली लोकसंख्या २ कोटी ३२ लाखांवर गेली आणि गुलामांची संख्या ३२ लाखांवर. तेरा राज्यांची एकतीस झाली. मिसिसिपीपाशी थांबलेली हद्द पॅसिफिकला भिडली. या साठ वर्षांचा इतिहास सांगताना वाढीचे एक प्रकरण आणि संघर्षाचे एक प्रकरण अशी आलटूनपालटून मांडणी करायची रीत पडली आहे: एकीकडे कालवे, गिरण्या, आगगाड्या, दुसरीकडे बंड, हद्दपारी, गुलामगिरीचा वाद. वाचकाला वाटते, दोन वेगवेगळ्या देशांची हकिगत चालली आहे. मॅडिसनचा लेख समोर ठेवला तर दोन्हींना एकच माप लावता येते. देश वाढल्याने भांडणे विरली की साचली?

इतिहासकारांची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली. फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने १८९३ साली सांगितले की पश्चिमेच्या मोकळ्या जमिनीनेच अमेरिकी लोकशाही घडवली. चार्ल्स बिअर्डने १९१३ साली संविधानकर्त्यांच्या खिशांत हात घातला आणि त्यांच्याकडे सरकारी कर्जरोखे किती होते ते मोजले. आर्थर श्लेसिंजर (धाकटा) याला १९४५ साली अँड्र्यू जॅक्सनच्या काळात कष्टकऱ्यांचा आणि धनिकांचा झगडा दिसला. त्याच्यासमोर रूझवेल्टची अमेरिका होती हे लक्षात घ्यावे. पुढे चार्ल्स सेलर्सने बाजारपेठेच्या क्रांतीने खेड्यांतले जुने जगणे मोडले असे मांडले, तर डॅनियल वॉकर हाव याने पोस्ट, छापखाना आणि तारायंत्र यांच्यावर भर दिला. गेल्या पंचवीस वर्षांत कापूस, गुलामांचा व्यापार आणि मूळ रहिवाशांची हकालपट्टी हे विषय कडेचे राहिले नाहीत. ते मधोमध आले. माझ्या मते हा शेवटचा बदल सर्वांत मोलाचा आहे, पण त्याच्या भरात काही अतिरेकही झाले. त्यांच्याकडे पुढे येऊ.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी, कारण सरकारनेही तिथूनच केली. स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा नव्या सरकारला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, तिजोरी रिकामी होती आणि सैनिकांचे पगार थकलेले होते. होती ती जमीन, आणि तीही कागदावर. १७८३च्या पॅरिस तहात ब्रिटनने अपालाचियन डोंगरांपासून मिसिसिपीपर्यंतचा मुलूख सोडून दिला. तिथे राहणाऱ्या शॉनी, मायामी, चेरोकी, क्रीक लोकांना तहाच्या वेळी कोणी विचारले नव्हते. १७८५च्या कायद्याने हा सारा प्रदेश सहा मैल गुणिले सहा मैलांच्या चौकोनांत आखायचे ठरले. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. सोळावा तुकडा शाळेसाठी राखीव. भाव एकरी किमान एक डॉलर. टेकडी असो की ओढा, रेघ सरळच जायची. ओहायो किंवा आयोवावरून विमान जाताना ती आखणी आजही खाली दिसते. दोन वर्षांनी आणखी एक कायदा झाला: ओहायो नदीच्या उत्तरेचे प्रदेश वसाहती म्हणून राहणार नाहीत, वस्ती पुरेशी झाली की ते बरोबरीच्या नात्याने राज्ये बनतील, आणि तिथे गुलामगिरी चालणार नाही. हा १७८७चा कायदा संविधानाच्या मंजुरीआधीचा आहे, आणि संविधानाच्या मानाने त्याची चर्चा फार कमी होते. जिंकलेल्या मुलखाला राजधानीशी समान हक्क देण्याची कल्पना तोवरच्या कोणत्या साम्राज्याला सुचली होती?

पण मोजणीची साखळी पुढे न्यायची तर आधी फौज पुढे जावी लागे. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वाबाश नदीच्या उगमाजवळ मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या जमावाने जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडवला. सहाशेहून अधिक सैनिक पडले. मूळ रहिवाशांच्या हातून अमेरिकी फौजेचा इतका मोठा पराभव पुढे कधी झाला नाही. सामान्य वाचकाला मात्र १८७६ची लिटल बिगहॉर्नची लढाई ठाऊक असते, जिथे याच्या निम्मेही सैनिक मेले नव्हते. या पराभवाने नव्या सरकारला खडी फौज उभारायला लावली. तीन वर्षांनी जनरल वेनने बदला घेतला, आणि १७९५च्या ग्रीनव्हिल तहात आजच्या ओहायो राज्याचा बहुतांश भाग सरकारकडे आला. पुढे जमीन आणखी स्वस्त, आणखी लहान तुकड्यांत विकली जाऊ लागली. १८२०च्या कायद्याने ऐंशी एकरांचे शेत रोख शंभर डॉलरांत मिळू लागले. युरोपातल्या कुळाला हे स्वप्नातही खरे वाटले नसते. टर्नरचे म्हणणे इथवर बरोबर आहे. फक्त ती जमीन मोकळी नव्हती, मोकळी करून घेतलेली होती, आणि करून घेणारे सरकार होते.

अर्थमंत्री झालेल्या हॅमिल्टनच्या आर्थिक धोरणावरून जो गदारोळ झाला तो मॅडिसनच्या पैजेचा पहिला उघड कस. राज्यांची सुमारे अडीच कोटी डॉलरांची कर्जे केंद्राने आपल्या डोक्यावर घ्यायची, राष्ट्रीय बँक काढायची आणि व्याज भागवण्यासाठी व्हिस्कीवर अबकारी बसवायची, असा तो बेत होता. गंमत अशी की विरोधकांच्या आघाडीवर खुद्द मॅडिसनच होता. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याला डोंगर ओलांडून धान्य नेणे परवडत नसे; त्याची व्हिस्की करून नेली तरच चार पैसे सुटत, आणि रोकड नसल्यामुळे व्हिस्कीच नाण्यासारखी फिरत असे. त्यावर कर म्हणजे त्याच्या खिशावर घाला. १७९४ साली बंड झाले, वॉशिंग्टनने सुमारे १३ हजारांची फौज पाठवली, फौज पोचेस्तोवर बंडखोर पांगले, आणि देशद्रोहाबद्दल शिक्षा झालेल्या दोघांना त्याने माफीही दिली. १७९८ साली अध्यक्ष जॉन ॲडम्सच्या सरकारने टीकाकार संपादकांना तुरुंगात टाकणारा कायदा केला. १८००च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचेच थॉमस जेफर्सन आणि आरन बर यांची मते सारखी पडली आणि प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान करावे लागले. एवढे होऊनही सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे बिनरक्तपाती गेली. इथे मॅडिसन जिंकला.

पण त्या विजयातच एक खोट होती. संविधानाने दक्षिणेच्या राज्यांना प्रतिनिधी वाटताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरण्याची मुभा दिली होती. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्याच्या जोरावर मालकाच्या मताला वजन. हे जादा वजन काढून टाकले तर १८०० साली जॉन ॲडम्सच पुन्हा अध्यक्ष झाला असता, असा हिशेब बरेच अभ्यासक मांडतात. मोठ्या देशातल्या अनेक गटांपैकी एका गटाला आधीच तराजूत पासंग मिळाला होता. हा पासंग पुढे पुन्हापुन्हा उपयोगी पडला.

१८०३ साली देश एका सहीने दुप्पट झाला. लुइझियानाचा सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा मुलूख नेपोलियनने दीड कोटी डॉलरांना विकला. त्याने तो का विकला, याचे उत्तर कॅरिबियन समुद्रात आहे. सेंट डोमिंग या फ्रेंच बेटावरच्या गुलामांनी १७९१ साली उठाव करून मालकांना हाकलले होते. बेट परत घेण्यासाठी १८०२ साली गेलेली फ्रेंच फौज आधी लढाईने आणि मग पिवळ्या तापाने संपली. साखरेचे बेटच गेल्यावर त्याला धान्य पुरवणारा लुइझियाना हवा कशाला? गुलामांनी मिळवलेल्या विजयामुळे अमेरिकेला तो प्रदेश मिळाला, आणि त्याच्या दक्षिण भागात गुलामगिरीच पसरली. जेफर्सनने त्या बेटाशी, म्हणजे नव्या हैतीशी, व्यापार तोडला. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती १८६२ साली. शिवाय अध्यक्षाला मुलूख विकत घेण्याचा अधिकार संविधानात कुठे लिहिला आहे, ही शंका जेफर्सनलाच छळत होती. त्याने घटनादुरुस्तीचा मसुदा केला आणि नेपोलियनचे मन फिरेल या धास्तीने फळीवर ठेवून दिला.

याच सुमारास कापूस आला. आतल्या भागांत पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढणे हे जिकिरीचे काम. एली व्हिटनीच्या १७९३च्या यंत्राने ती अडचण दूर केली. १७९० साली अमेरिकेतून जेमतेम काही हजार गाठी निघत. १८२० साली तीन लाखांहून अधिक. १८६०च्या आसपास चाळीस लाख. तोवर देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा झाला होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेतून जात होता. व्हिटनीचे यंत्र नसते तर गुलामगिरी आपोआप संपली असती, असे वाक्य शाळेच्या पुस्तकांत सापडते. ते मला पटत नाही. यंत्राने सरकी काढली. अलाबामा आणि मिसिसिपीची काळी जमीन मोकळी करण्याचे काम त्याने केले नाही. ते फौजेने आणि तहांनी केले.

बाहेरून गुलाम आणण्यावर १ जानेवारी १८०८पासून बंदी आली. या बंदीला व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांचा पाठिंबा होता, आणि त्यात नीतीइतकाच हिशेब होता. तंबाखूने त्यांची जमीन थकली होती, त्यांच्याकडे गुलाम गरजेपेक्षा जास्त होते, आणि बाहेरचा पुरवठा थांबला की त्यांचे मोल वाढणार होते. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे वरच्या दक्षिणेतून खालच्या दक्षिणेत नेली गेली. काही मालकांबरोबर, पण बहुसंख्य दलालांच्या हातून. साखळीत जोडलेल्या पुरुषांचे तांडे व्हर्जिनियातून मिसिसिपीकाठच्या नॅचेझपर्यंत पायी चालवत नेत. बाजारात घर तुटे: नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरे तिसरीकडे. अटलांटिक पार करून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या दुपटीहून अधिक माणसांना या देशी व्यापाराने आणि स्थलांतराने उखडले. तरी लोकांच्या आठवणीत जहाजे राहिली. पायी तांडे फारसे राहिले नाहीत.

आता ते अतिरेक. एडवर्ड बॅप्टिस्टच्या २०१४च्या गाजलेल्या पुस्तकाने मांडले की कापूसवेचणीचा वेग साठ वर्षांत चौपट झाला तो चाबकामुळे, आणि देशाच्या अर्थव्यवस्थेचा जवळजवळ निम्मा भाग कापसाशी बांधलेला होता. ॲलन ओल्मस्टेड आणि पॉल ऱ्होड या अर्थेतिहासकारांनी मळ्यांच्या वह्या तपासून वेगाचे मुख्य कारण बियाण्यात शोधले होते: मेक्सिकोतून आलेल्या वाणाची बोंडे मोठी आणि वेचायला सोपी. निम्म्या अर्थव्यवस्थेच्या आकड्यात एकच रक्कम दोनदा-तीनदा मोजली गेली आहे, असेही त्यांनी दाखवले. कापसाच्या पिकाचा थेट वाटा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास येतो. मला ओल्मस्टेड-ऱ्होड यांचे गणित जास्त भरवशाचे वाटते. पण ज्याने रोज संध्याकाळी कापूस तोलला आणि कमी भरला म्हणून फटके दिले, तो मालक बियाणे कोणतेही असो, तेच करत होता. गुलामगिरी क्रूर होती हे ठरवण्यासाठी ती देशाच्या संपत्तीचा पाया होती हे सिद्ध करावे लागत नाही. दोन प्रश्न वेगळे ठेवले तर दोन्हींची उत्तरे नीट मिळतात.

१८१२चे युद्ध थोडक्यात आटोपतो. ब्रिटनशी अडीच वर्षे लढून, राजधानी जाळून घेऊन, अमेरिकेने तहात ना काही मिळवले ना गमावले. खरे हरले ते तिसरेच. शॉनींचा टेकुम्से याने ग्रेट लेक्सपासून दक्षिणेपर्यंतच्या जमातींची एकजूट करण्याचा घाट घातला होता. जमीन साऱ्यांची आहे, एखाद्या जमातीने ती परस्पर विकायची नाही, हे त्याचे सूत्र. ऑक्टोबर १८१३मध्ये तो लढाईत पडला. पुढच्या वर्षी जॅक्सनने क्रीकांना हरवून सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन घेतली. त्यात त्याच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन होती. तहाच्या वाटाघाटींत ब्रिटनने मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र पट्टा मागितला होता, तोही शेवटी सोडून दिला. यानंतर त्यांच्या पाठीशी उभे राहील असे कोणी उरले नाही.

युद्धानंतर देशभर रस्ते-कालवे बांधण्यासाठी पैसा देणारे विधेयक काँग्रेसने मंजूर केले. त्यावर नकाराधिकार वापरला अध्यक्ष मॅडिसनने, ३ मार्च १८१७ रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी. हेतू चांगला, पण संविधानात अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे. मोठ्या देशावर पैज लावणाऱ्याने देश जोडण्याचा खर्च नाकारावा, हा विरोधाभास त्याच्या चरित्रकारांनाही सोडवता आलेला नाही. मग न्यूयॉर्कने स्वतःच्या बळावर ईरी कालवा खणला: ३६३ मैल, पाण्याची पातळी चढवणारी-उतरवणारी ८३ दारे, सुमारे ७० लाख डॉलर खर्च. १८२५ साली तो पुरा झाला आणि बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल आणण्याचा खर्च सुमारे शंभर डॉलरांवरून दहाच्या घरात आला. ओहायोचा गहू आता मिसिसिपीमार्गे दक्षिणेला जाण्याऐवजी पूर्वेला वळला. हे नुसते व्यापाराचे वळण नव्हते. पश्चिमेची बाजू कोणाकडे झुकणार, हे त्याने ठरवत आणले. मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल गावात गिरण्या निघाल्या, खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली तिथे कामाला आल्या, आणि १८३४ व १८३६ साली मजुरीच्या प्रश्नावरून त्यांनी संपही केले. त्या गिरण्यांत दक्षिणेचा कापूस जाई आणि गुलामांच्या अंगावरचे जाडेभरडे कापडही तिथे विणले जाई.

सेलर्स म्हणतो बाजाराने माणसांना लुबाडले. हाव म्हणतो लोकांना बाजार हवा होता. दोघांचेही पुरावे खरे आहेत, कारण प्रत्येक गावात दोन्ही प्रकारची माणसे होती. हावचा पोस्टाविषयीचा मुद्दा मात्र अधिक दूर जातो. १७९२च्या कायद्याने वृत्तपत्रे जवळजवळ नाममात्र दरात देशभर पोचू लागली. १८३१ साली देशात सैनिकांपेक्षा पोस्टमास्तर जास्त होते. मॅडिसनला वाटले होते की अंतर हेच संरक्षण: दूरदूरच्या लोकांना एकाच ध्यासाने एकत्र येणे अवघड जाईल. पोस्टाने ते अंतर पुसले. १८३५ साली न्यूयॉर्कच्या गुलामगिरीविरोधकांनी दक्षिणेतल्या पत्त्यांवर गठ्ठ्यांनी पत्रके पाठवली, तेव्हा चार्ल्स्टनमध्ये जमावाने टपाल फोडून भर रस्त्यात त्यांची होळी केली. पोस्टमास्तर जनरलने डोळेझाक केली, आणि अध्यक्ष जॅक्सनने अशा टपालावर बंदी घालावी अशी काँग्रेसला विनंती केली.

मिसूरीचा प्रश्न आला १८१९ साली. त्या वर्षाअखेर गुलाम ठेवणारी आणि न ठेवणारी राज्ये अकरा-अकरा अशी समसमान होती. न्यूयॉर्कच्या जेम्स टॉलमेजने उपसूचना मांडली की मिसूरीत नवे गुलाम आणू नयेत आणि तिथे पुढे जन्मणारी गुलामांची मुले वयात आल्यावर मोकळी व्हावीत. सभागृह पेटले. अखेर मिसूरी गुलामांसह, मेन गुलामांविना, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेघ, असा तोडगा निघाला. मला या वादात सर्वांत बोलकी वाटते ती म्हाताऱ्या मॅडिसनची आणि जेफर्सनची भूमिका. गुलामगिरी पश्चिमेकडे पसरू द्यावी, असे दोघांचे मत होते. गुलाम मोठ्या प्रदेशावर विखुरले की त्यांची दाटी कमी होईल, हाल कमी होतील, आणि पुढेमागे सुटकाही सोपी होईल. दहाव्या लेखातला युक्तिवाद जसाच्या तसा उचलून इथे लावलेला दिसतो: पसरवा म्हणजे विरेल. मॅडिसनच्या स्वतःच्या माँटपेलियर मळ्यावर शंभरावर गुलाम होते. आकड्यांनी त्याला उत्तर दिले. १८२०चे पंधरा लाख गुलाम तीस वर्षांत बत्तीस लाख झाले. पसरल्याने गुलामगिरी पातळ झाली नाही. तिला नवी जमीन, नवे कर्ज आणि नवे सिनेटर मिळाले.

गोऱ्यांची लोकशाही याच काळात रुंदावत होती. मालमत्तेची अट राज्याराज्यांतून उठली. पण न्यूजर्सीने १८०७ साली स्त्रियांचा आणि काळ्यांचा असलेला मताधिकार काढून घेतला; न्यूयॉर्कने १८२१ साली गोऱ्यांना अट माफ करून काळ्यांसाठी अडीचशे डॉलरांच्या मालमत्तेची अट लावली. एकाला दार उघडताना दुसऱ्याला बाहेर काढणे हे त्या लोकशाहीचे अंगच होते. जॅक्सनला या नव्या मतदारांनी निवडून दिले, आणि त्याने त्यांना जमीन दिली.

ती जमीन मुख्यतः पाच जमातींची होती. चेरोकींची कथा सर्वांत उलगडून सांगता येते, कारण त्यांनी ती लिहून ठेवली. सेक्वोया याने १८२१च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली, १८२७ साली त्यांनी स्वतःचे संविधान केले, १८२८ साली वृत्तपत्र काढले. शेती, गिरण्या, शाळा, आणि काही श्रीमंत चेरोकींकडे काळे गुलामही. सुधारा, मग राहू देऊ, असे सांगणाऱ्या सरकारचे सारे निकष त्यांनी पुरे केले होते. त्यांच्या प्रदेशात सोने सापडले आणि जॉर्जियाने त्यांचे कायदेच रद्द ठरवले. १८३०चा हकालपट्टीचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. पाचास तीनचा पासंग नसता तर तो पडला असता.

या प्रकरणाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. बोस्टनच्या ज्या अमेरिकन मिशनरी मंडळाने गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांना धाडले आणि जे १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, त्याच मंडळाचे पाद्री चेरोकींमध्ये शाळा चालवत होते. आपल्याकडे मराठी मिशन म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या कामाची पत्रे आणि चेरोकी ठाण्यांची पत्रे मंडळाच्या एकाच मासिकात छापली जात. मंडळाचा सचिव जेरेमाया एव्हर्ट्स याने हकालपट्टीविरुद्ध देशभर मोहीम उघडली. सॅम्युअल वुस्टर हा पाद्री जॉर्जियाचा परवाना नाकारून तुरुंगात गेला आणि त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. १८३२ साली सरन्यायाधीश मार्शलने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला. जॅक्सनने त्यावर मार्शलला उद्देशून उद्दाम शेरा मारल्याचे सांगतात. त्या शेऱ्याला समकालीन पुरावा नाही. शेऱ्याची गरजही नव्हती, कारण निकाल अंमलात आलाच नाही. १८३५ साली एका छोट्या गटाने केलेल्या तहावर सिनेटने दोन-तृतीयांशाहून जेमतेम एक मत जास्त मिळवून शिक्कामोर्तब केले. १८३८ साली फौजेने सुमारे सोळा हजार चेरोकींना हुसकून मिसिसिपीपार नेले. त्यांतले चार हजारांच्या आसपास मेले, असा रूढ अंदाज आहे. इतिहासकार क्लॉडिओ सॉन्टने अलीकडे दाखवले की क्रीक आणि चिकासॉ जमिनींवरच्या सट्ट्यात न्यूयॉर्कच्या सावकारांचाही पैसा होता. हकालपट्टी ही एकट्या दक्षिणेची करणी होती, ही उत्तरेची सोयीची आठवण त्याने मोडली.

मॅडिसनच्या गणितात मूळ रहिवासी हा गट धरलेलाच नव्हता. त्यांना मत नव्हते. बाकीची भांडणे त्याच्या म्हणण्याप्रमाणे एकमेकांना काटत राहिली. बँकेवरून, आयातशुल्कावरून, धर्मावरून पक्ष फुटत आणि जुळत. राज्याने पोसलेले शेवटचे चर्च मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ साली संपले आणि धर्म उलट फोफावला. साउथ कॅरोलायनाने १८३२ साली आयातशुल्काचा कायदा आपल्या हद्दीत रद्द ठरवला, तेव्हा जॅक्सनची फौजेची धमकी आणि सिनेटर हेन्री क्लेची शुल्ककपात अशा दुहेरी मार्गाने पेच सुटला. दुसऱ्या एकाही दक्षिणी राज्याने साउथ कॅरोलायनाला साथ दिली नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्या मॅडिसनने स्वतः त्या कल्पनेला विरोध केला. न्यूयॉर्कचा पुढारी मार्टिन व्हान ब्युरेन याने तर १८२७ साली एका पत्रात उघड लिहिले की दक्षिणेचे मळेवाले आणि उत्तरेचे साधे लोक यांना एका पक्षात बांधले तर प्रादेशिक वैर ताब्यात राहील. त्याच्या पक्षाने पुढे हे घडवूनही दाखवले. किंमत होती गप्प राहण्याची. १८३६ ते १८४४ प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी अर्ज वाचायचेच नाहीत असा नियम केला, आणि माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हातारपणी तो नियम दरवर्षी झुंजून मोडायला बघत राहिला.

मग पुन्हा जमीन आली आणि गप्प बसणे अशक्य झाले. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी बंद केली होती. तिथल्या टेक्सासमध्ये गुलामांसह वसलेले अमेरिकी १८३६ साली फुटले आणि १८४५ साली टेक्सास अमेरिकेत आले. १८४६ ते १८४८ च्या युद्धाने कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख मिळाला. मेथडिस्टांची संघटना १८४४ साली आणि बॅप्टिस्टांची १८४५ साली उत्तर-दक्षिण अशी दुभंगली होती. ज्या पंथबाहुल्यात मॅडिसनला सुरक्षितता दिसत होती, तेच पंथ आता एका रेघेवर तुटले. ऑगस्ट १८४६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मटने, जो व्हान ब्युरेनच्याच पक्षाचा होता, मेक्सिकोकडून मिळणाऱ्या मुलखात गुलामगिरी नको अशी उपसूचना आणली. मते पडली ती पक्षाप्रमाणे पडली नाहीत. उत्तरेचे दोन्ही पक्ष एका बाजूला, दक्षिणेचे दोन्ही पक्ष दुसऱ्या बाजूला. दहाव्या लेखाला ज्याची भीती होती ते तयार झाले होते: दोनच गट, नकाशावर आखता येतील असे, आणि दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने न फुटणारे.

१८५० साली क्लेने सारे वाद एका विधेयकात बांधून पाहिले. जुलैअखेर ते सिनेटमध्ये कोसळले. सिनेटर स्टीफन डग्लसने त्याचे तुकडे केले आणि एकेक करून मंजूर करून घेतले. कॅलिफोर्नियाला गुलामगिरीविना राज्य करणाऱ्या विधेयकामागे उत्तरेची मते होती, पळालेले गुलाम धरून देण्याच्या कायद्यामागे दक्षिणेची. दोन्हींना होकार देणारे थोडे सभासद कधी इकडे, कधी तिकडे झुकले म्हणून प्रत्येक तुकडा निभावला. साऱ्या तोडग्याला मिळून बहुमत कधी पडलेच नाही. डेव्हिड पॉटर या इतिहासकाराने म्हणूनच त्याला समेट म्हणायचे नाकारले आणि युद्धविराम म्हटले. त्या सप्टेंबरमधल्या मतदानाच्या याद्या वाचल्या की त्याच्याशी वाद घालायला जागा उरत नाही.